पाणी गोडे तेल दोन चमचे

मुरुमजवळच्या त्या गावात माझी शाळेवर नेमणूक झाली तेव्हा राहायला खोली मिळाली ती एका अटीवर. खोलीत आधीपासून एक मोटर राहत होती आणि ती हलणार नव्हती. होडीला मागून लावायची, खाली पंखा असलेली, तेल मिसळलेल्या पेट्रोलवर चालणारी मोटर. लाकडी घोड्यावर ती उभी टांगलेली, अंगावर जुनं हिरवं लुगडं पांघरलेलं. पहिल्या दिवशी दार उघडलं आणि कोपऱ्यात कुणी बाई पाठमोरी उभी आहे असं वाटून मी "माफ करा" म्हणून बाहेर आलो. घरमालक ओट्यावर बसले होते. म्हणाले, "जावा की आत. ती काय बोलत न्हाय."

घरमालकांना गावात सगळे मिस्त्री म्हणत. मी काका म्हणायचो. सरकारी खात्यात पंप दुरुस्त करण्यात त्यांची हयात गेली होती. अंगात बाराही महिने तोच खाकी शर्ट, खिशात प्लग साफ करायचा पितळी ब्रश, आणि त्याच ब्रशनं ते भुवया विंचरत. माणसांची विचारपूस ते यंत्राच्या भाषेत करायचे. मला सर्दी झाली तर "कार्बोरेटर भरला का गुरुजी?" आणि मी वर्गात ओरडून घसा बसवून आलो की "सायलेन्सर गेला जणू."

मी मराठी शिकवतो. पाचवी ते सातवी. विरामचिन्हांच्या पाठात तर मी इतका रंगतो की पोरं मला मागं "स्वल्पविराम" म्हणतात. माझी पाठ थोडी वाकलेली आहे, हेही एक कारण असावं. अशा माणसाला काकांसारखा घरमालक मिळावा हा नशिबाचा खेळ. काका लिहायचे ते कॅलेंडरच्या फाडलेल्या पानांमागं, सुताराच्या चपट्या पेन्सिलीनं, आणि त्यात एकही चिन्ह नसायचं. ना स्वल्पविराम, ना पूर्णविराम. दाराला चिठ्ठी अडकवून जायचे: "मी उमरग्याला जातो दूध तापवून ठेवा मांजर आत घेऊ नका भात शिजला असल तर ठेवा". मी लाल पेनानं त्यात चिन्हं घालून चिठ्ठी परत दाराला लावायचो. ते ती न बघता चुलीत घालायचे.

"काका, कुठं थांबायचं ते वाचणाऱ्याला कळायला नको का?"

"दम लागंल तिथं थांबंल की. त्याला खामखा काय शिकवायचं?"

"आणि चुकीच्या जागी थांबला तर?"

"मग त्येचा दम खोटा हाय," असं म्हणून ते भुवया विंचरायला लागायचे.

ही मोटर त्यांनी सोलापूरच्या भंगारातून आणली होती. कुठल्या तरी पुराच्या कामावर घासून निघालेली, कुठल्या देशाची ते नाव खरवडलं गेल्यामुळं कळत नव्हतं. तिच्यासाठी पत्र्याची होडीही त्यांनी स्वतः वेल्डिंग करून बनवली. गावापुढं तलाव आहे. तलावाच्या पलीकडच्या अंगाला वस्ती, तिथं त्यांची एकुलती लेक दिलेली. तिला सगळे अक्का म्हणतात. तलाव कोरडा असला की वस्तीवर पायी जायला अर्धा तास. तलाव भरला की वाट पाण्याखाली जाते, मग वळसा घालून अठरा किलोमीटर, त्यातलं निम्मं काळ्या रानातलं, जिथं पावसाळ्यात ट्रॅक्टरसुद्धा रडत जातो.

काकांची बायको एका भरल्या तलावाच्या वर्षी लेकीकडं गेली होती. तिथं छातीत दुखायला लागलं. एवढं मला शेजारच्या शांताबाईंकडून कळलं. काकांना मी एकदाच विचारलं, तेही मूर्खासारखं, ते चहा पीत असताना. त्यांनी कप खाली ठेवला नाही. "वळसा लई मोठा पडला," म्हणाले, आणि चहा संपवला.

त्यानंतर त्यांनी मोटर आणली. पाणी भरलं की पलीकडचं कुणीही दहा मिनिटांत अलीकडं आलं पाहिजे, मग ते अडलेली बाई असो, साप चावलेला गडी असो. वस्तीवर जाऊन त्यांनी प्रत्येक घरात तसं सांगितलं. माझा जिम्मा, म्हणाले.

आणि मग तलाव भरायचाच थांबला.

एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. मी आलो तेव्हा चौथं चाललं होतं. तलावाच्या तळात भेगा पडल्या होत्या, मधोमध पोरं क्रिकेट खेळत, काही लोकांनी करडई पेरली होती. पत्र्याची होडी काठावर उपडी पडलेली आणि तिच्यावर शांताबाई पापड वाळवत. ज्या तलावासाठी आणली त्या तलावाच्या पाण्याला ती मोटर एकदाही शिवली नव्हती. पण दर वर्षी शिमगा झाला की काका तिला उन्हाळ्यासाठी झोपवायचे. हा त्यांचाच शब्द. "यंत्र चालवून मरत न्हाय गुरुजी. नुसतं ठिवल्यानं मरतं. नीट झोपवलं तर धा वर्सानं बी उठंल."

झोपवायचं म्हणजे आधी निळ्या ड्रममध्ये पाणी भरून त्यात मोटरचं पंख्याकडचं पाऊल बुडवायचं आणि ती चालवायची, म्हणजे आतली गाळणी, नळ्या धुऊन निघतात. मग पेट्रोलची नळी काढून टाकायची. आतलं उरलंसुरलं पेट्रोल जळून ती आपोआप बंद पडली पाहिजे, नाहीतर ते आत आटून राळ होते. ड्रमचं पाणी मात्र गोडं लागायचं. आमच्या बोअरचं पाणी इतकं जड की हंड्याच्या बुडाला बोटभर पांढरा थर चढतो. तसलं पाणी मोटरच्या नळ्यांत गेलं तर संपलंच. गोडं पाणी फक्त टँकरचं, आणि टँकर दर चार दिवसांनी, माणशी मोजून घागरी.

मी आलो त्या पहिल्या उन्हाळ्यात काकांनी टँकरच्या पाण्याचा ड्रम भरून मोटर चालवली आणि सगळा गाव ओट्यापुढं जमा झाला. शांताबाई पुढं.

"मिस्त्री, लेकराबाळाच्या तोंडात पडाया पाणी न्हाय, अन् तुमी यंत्राला न्हाऊ घालता?"

"माझ्या वाटणीचं हाय. म्या महिना झाला न्हालो न्हाय. इचारा गुरुजींना."

लोकांनी माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. खरं तर वेगळं विचारलं असतं तर सांगितलं असतं की माझ्याही आंघोळीच्या घागरी त्यांनी परस्पर ड्रममध्ये ओतल्या होत्या, आणि मी पंधरा दिवस ओल्या टॉवेलनं अंग पुसून शाळेत जात होतो, आणि मुख्याध्यापकांनी माझी खुर्ची खिडकीपाशी सरकवली होती.

"अन् पाणी येणार कवा हाय तुमच्या तळ्यात?" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

काका हसले नाहीत. म्हणाले, "येईल त्या दिवशी इचारू नका म्हंजे झालं."

काम झाल्यावर ते ड्रमचं काळं तेलकट पाणी गाळून, निवळून, त्यानं शर्ट धुवायचे. खाकी रंगाचं रहस्य मला तेव्हा कळलं.

मिश्रणाचं तेलही ते विकत घेत नसत. हायवेवरच्या पंपावर लोक तेलाची पुडी फाडून, पिळून फेकून देतात. काका त्या फेकलेल्या पुड्या गोळा करून आणायचे आणि अंगणातल्या दोरीवर कपड्यांच्या चिमट्यांनी उलट्या टांगायचे, खाली वाटी. दिवसभर उन्हात एकेक थेंब पडायचा. पन्नास पुड्यांची अर्धी वाटी. ती बाटलीत भरून, बाटली फडताळात वर. मला वाटायचं ते तेल फक्त पेट्रोलमध्ये मिसळायला आहे. कारण मोटर बंद पडल्यानंतरचं शेवटचं काम मी कधीच बघितलं नव्हतं. मोटर बंद पडली की काका मला खोलीतून बाहेर काढायचे, माझ्याच खोलीतून, आणि दार लावून घ्यायचे.

"आत काय करता काका?"

"तिला लाजल्यासारकं व्हतं."

मी ओट्यावर बसून राहायचो. एखाद्या बाळंतिणीच्या खोलीबाहेर नवऱ्यानं बसावं तसा. आतून मोटरची दोरी हळूहळू ओढल्याचा आवाज यायचा, सुस्कारल्यासारखा. मग दर अमावास्येला ते आत येऊन लुगडं बाजूला करून वरचं चाक हातानं एक फेरा फिरवायचे. "कूस बदलली," म्हणायचे, आणि जायचे.

गेल्या वर्षी शिमग्याच्या आधी त्यांनी मला कॅलेंडरचं एक पान आणून दिलं. "ऱ्हाऊ द्या तुमच्यापाशी. म्या नसलो तर." मी थट्टा केली, कुठं निघालात म्हणून. आठ दिवसांनी पहाटे ओट्यावरच पडले. अंगावरून वारं गेलं, उजवी बाजू गेली, बोलणं तोंडात गोळा झालं. अक्का त्यांना सोलापूरला दवाखान्यात घेऊन गेली. जाताना जीपमध्ये आडवे असताना डाव्या हातानं त्यांनी माझ्या खोलीच्या दाराकडं बोट केलं. मी म्हणालो, "काळजी करू नका काका. माझा जिम्मा."

हा शब्द मी वापरायला नको होता.

पानावर एकच ओळ होती, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि मग वळून खाली: "मोटर ड्रममधे चालवणे पेट्रोल संपेपर्यंत ड्रमला पाणी गोडे तेल दोन चमचे प्लग काढून आत सोडणे दोरी हळू ओढणे प्लग लावणे दर अमावास्येला एकदा फिरवणे".

मी ती वाचली. मराठीचा शिक्षक म्हणून वाचली. लाल पेन काढलं आणि मनातल्या मनात चिन्हं घातली. ड्रमला पाणी, गोडे तेल दोन चमचे. सरळ होतं. पाणी गोडं लागतं हे तर अख्ख्या गावाला भांडून माहीत झालेलं. एक अक्षर जास्त न लिहिणारा माणूस ते कशाला लिहील? उलट तेल कुठलं हेच सांगायला हवं होतं, आणि ते त्यांनी सांगितलं होतं. गोडं तेल. खायचं तेल. मला तर कौतुक वाटलं. केवढी काटकसर, म्हटलं, घरातल्याच तेलात भागवतात, म्हणून तर दार लावून घेतात. माझ्या डोक्यावरच्या फडताळात पन्नास पुड्यांचं तेल भरलेली बाटली उभी होती, आणि मी तिच्याखाली उभा राहून हा विचार करत होतो.

तरी मी फोन केला. म्हणजे अगदीच बेफिकीर होतो असं नाही. अक्कानं फोन त्यांच्या कानाला लावला.

"काका, मी झोपवतोय तिला. गोडंच ना?"

तिकडून नुसता श्वास. मग, "गो… डं."

"गोडंच वापरतो."

"गो… डं," पुन्हा म्हणाले, जोर लावून. मागून अक्का म्हणाली, "लई जीव लावून म्हनलेत गुरुजी, तेवढं करा."

मी केलं. घागरी साठवल्या, आंघोळ सोडली, ड्रम भरला, मोटर चालवली, पेट्रोल संपून ती बंद पडली. मग दार लावून घेतलं. का लावलं कुणास ठाऊक. माझ्या आईनं गावाहून लाकडी घाण्याचं करडईचं तेल पाठवलं होतं, घरच्या करडईचं, पिवळंधमक. प्लग काढून भोकातून दोन चमचे सोडले. दोनच कसे सोडायचे, काकांची मोटर आहे, म्हणून आणखी दोन सोडले. काटकसर माझ्या हातून झाली नाही. दोरी हळू ओढली. तिनं सुस्कारा टाकला. मला भरून आलं.

करडईचं तेल तापलं, किंवा नुसतं ठेवलं, की कढईच्या काठाला, किटलीच्या बुडाला कसं चिकट, पिवळं, नखानं न निघणारं होऊन बसतं, हे आमच्याकडं घासणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. मी कधी कढई घासलेली नव्हती.

पहिल्या अमावास्येला चाक फिरवलं. फिरलं. मे महिन्यात मी गावी गेलो, एक अमावास्या चुकली. आल्यावर फिरवलं तर दोन हात लागले. मला वाटलं, बसली आता नीट. त्याच्या पुढच्या अमावास्येला ते हललंच नाही. मी लुगडं परत पांघरून घातलं. गाढ झोपलीय, म्हटलं. खरंच म्हटलं हे, मोठ्यानं, एकट्यानं, खोलीत उभं राहून.

त्या वर्षी पाणी आलं. भाद्रपदात दोन रात्री पाऊस असा कोसळला की क्रिकेटच्या यष्टींसकट तलाव भरला आणि सांडव्यावरून वाहायला लागला. वस्तीची वाट गेली. काकांना तोवर घरी आणलं होतं. ओट्यावर खाटेवर पडून ते नुसतं पाण्याकडं बघत होते. सहा वर्षांनी. डोळ्यांतून पाणी एकाच बाजूनं वाहत होतं, दुसरी बाजू हलत नव्हती. मला जवळ बोलावलं. शब्द आता थोडे फुटत होते. "उठवा तिला."

चौघांनी मिळून मोटर होडीला लावली. सगळा काठ भरला होता. पलीकडं अक्का आणि वस्तीवरचे लोक दिसत होते, ठिपक्यांसारखे. मी दोरी ओढली. दोरी आलीच नाही. पुन्हा ओढली. माझा तोल गेला. लोक बघत होते, ओट्यावरून काका बघत होते, आणि मला काय झालं कुणास ठाऊक, मी आणखी दोघांना हाताशी घेतलं, दोरीला गाठी मारल्या आणि तिघांनी मिळून हिसका दिला. आत कट्‌ असं काहीतरी झालं. एवढासाच आवाज. सुपारी फुटल्यासारखा.

मुरुमहून फिटर आला, फवारणीचे पंप दुरुस्त करणारा. त्यानं माझ्या खोलीत मोटर उघडली. आत बोट घातलं, वास घेतला, माझ्याकडं बघितलं.

"सर, ह्ये भज्याचं तेल हाय."

"गोडंतेल आहे," मी म्हणालो. अजूनही मला वाटत होतं की हे उत्तर आहे.

"पाक झालाय आत. रिंगा चिकटल्यात. डिझेलात चार दिस भिजत घातली असती तर सुटली असती. कुनी वडलं एवढं जोरात? रिंग तुटून सिलिंडर फाडलंय बघा. अन् हिचं सामान आता कुठं मिळायचं? नावच न्हाय हिला."

मी तीन दिवस काकांना थापा मारल्या. प्लग ओला आहे. पेट्रोलमध्ये कचरा आहे. सामान सोलापूरला सांगितलंय. चौथ्या दिवशी मी त्यांना भात भरवत होतो. त्यांनी माझा हात धरला, डाव्या हातानं, आणि नाकापाशी नेला. तीन दिवस मी मोटर खरवडत होतो.

"करडई," म्हणाले.

मी ताट खाली ठेवलं.

"चि… ठ्ठी."

चिठ्ठी मी पाकिटात ठेवली होती. त्यांच्यासमोर धरली. ते किती तरी वेळ वाचत होते. एका ओळीला एवढा वेळ लागत नाही. मग त्यांनी माझ्या खिशातलं लाल पेन काढून घेतलं. कागद माझ्या तळव्यावर ठेवायला लावला. पेन "गोडे"पाशी आलं, घसरलं, परत आलं. "गोडे" आणि "तेल" यांच्या मध्ये त्यांनी एक टिंब दाबलं आणि खाली शेपटी ओढली. तुरीच्या दाण्याएवढं झालं ते, शाई पसरली. आयुष्यात पहिल्यांदा काढलेलं असणार.

"हितं थांबायचं व्हतं," म्हणाले. बऱ्याच दिवसांत एवढं स्पष्ट वाक्य नव्हतं आलं. कुणी थांबायचं होतं, लिहिणाऱ्यानं की वाचणाऱ्यानं, ते मी विचारलं नाही. ते मात्र भुवई विंचरायला हात वर नेल्यासारखं करून थांबले. ब्रश उजव्या हाताचा होता.

आठ दिवसांनी दुपारी त्यांना दुसरा झटका आला. शांताबाई त्यांच्यापाशी बसली. मी अक्काला फोन केला. ती म्हणाली, निघते. वळसा घालून ट्रॅक्टरनं किती वेळ लागेल ते दोघांनाही माहीत होतं. मग मी माझ्या आयुष्यातला शेवटचा शहाणपणा केला. म्हणालो, "अक्का, तुम्ही काठावर थांबा. मी होडी घेऊन येतो." मला वल्ही मारता येत नाहीत. पण फोटोत बघितली होती. ती काठावर माझी वाट बघत थांबली. मी अर्ध्या तलावात गेलो, वारा सुटला, होडी भोवऱ्यासारखी फिरायला लागली आणि पाण्याखाली बुडालेल्या बाभळींच्या शेंड्यांत अडकली. एक वल्हं हातातून गेलं. मधोमध बसलो होतो मी. पलीकडं अक्काच्या लुगड्याचा लाल ठिपका, अलीकडं ओट्याचा पांढरा चुना, दोन्ही दिसत होते. बराच वेळ तो लाल ठिपका हलला नाही. मग ट्रॅक्टरच्या दिशेनं पळायला लागला.

काका शांताबाईच्या हातात गेले. अक्का आली ती त्यानंतर दोन तासांनी, गुडघ्यापर्यंत चिखलात. मी तिच्याही नंतर. मासे धरणाऱ्या लोकांनी ट्यूबवरून येऊन मला ओढून आणलं.

तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. दहाव्याच्या दिवशी खोलीत आली, मोटरवरचं आईचं लुगडं काढलं, घडी घातली. मग म्हणाली, "दादांच्या हातचं काय लिवलेलं हाय का तुमच्यापाशी? मला एक तरी ऱ्हाऊ द्या."

मी पाकिटातून चिठ्ठी काढून दिली. दुसरं काही नव्हतं. बाकीच्या सगळ्या मी चिन्हं घालून चुलीत जाऊ दिल्या होत्या. ती खिडकीपाशी जाऊन अक्षर लावत वाचत राहिली. ओठ हलत होते. मध्येच थांबली. अंगठ्यानं कागद पुसला.

"हितं तांबडं काय हाय गुरुजी? डाग पडला जणू."

"हो," मी म्हणालो. "डाग आहे."